दोन वाक्यांचे अप्पा

गणपतीच्या नाटकाची पात्रं ठरवायला मंडळी जमली, की पहिला तास भांडणात जातो. नायक कोण, यावर. पुण्याच्या सदाशिव पेठेत असो की आमच्या गुलबर्ग्याच्या ब्रह्मपुरात, भांडण तेच. अप्पा त्या तासात भजी खातात. भजी संपली की रुमालाला हात पुसून विचारतात, "डॉक्टर कोण करतंय? कुणी नाही ना? मग मी आहे बघा."

अप्पा ही एक जात आहे. हौशी नाटकवाल्यांच्या प्रत्येक गावात या जातीचा एक माणूस सापडतोच. त्याला नायक व्हायचं नसतं, खलनायक व्हायचं नसतं. दिग्दर्शक व्हायला सांगितलं तर तो आजारी पडतो. त्याला दोन वाक्यं हवी असतात. त्या दोन वाक्यांसाठी तो महिनाभर आरशासमोर उभा राहतो. आमच्या अप्पांकडे स्वतःची नळी आहे, स्वतःचा खाकी शर्ट आहे आणि पत्र्याच्या डबीत वयोमानाप्रमाणे लावलेल्या मिशा आहेत. काळी फौजदाराची, करडी सासऱ्याची, पांढरी न्यायाधीशाची.

'तो मी नव्हेच' बसवायचं ठरलं, तेव्हा त्यातल्या नायकाच्या, लखोबाच्या, पाच वेषांवरून मंडळात दोन तट पडले. पाचही वेष एकालाच का, असा लोकशाहीचा प्रश्न निघाला. अप्पांनी मात्र कोर्टात मागं उभा राहणारा पोलीस आधीच मागून घेतला होता. वाक्य एकही नाही. पण साक्ष रंगात आली की हा पोलीस असा काही पायावरचा भार बदलायचा, की सगळी जनता लखोबाला सोडून पोलिसाकडं बघायची. पुढच्या वर्षी आमच्या लखोबानं लेखी अट घातली : अप्पा असतील तर विंगेत असतील.

अप्पांचा नट-नट्यांचा देव्हाराही वेगळा. नायक-नायिकांना त्यात जागा नाही. मधोमध सुलोचनाबाई. त्या खडकलाटच्या, खडकलाट बेळगाव जिल्ह्यात, "म्हणजे आपल्याच बाजूच्या की हो," असं अप्पा म्हणतात तेव्हा मधला अख्खा विजापूर जिल्हा गिळून टाकतात. शेजारी ललिता पवार. १९४२ साली चित्रीकरणात खरोखरची थप्पड बसली, डावा डोळा अधू झाला, नायिकेची कामं गेली. आणि त्याच डोळ्यानं बाईंनी पुढं देशभरच्या सुनांना घाम फोडला. निळू फुले आहेत, सिनेमात येण्याआधी पुण्यात माळीकाम केलेले. त्यांना बायकांनी तोंडावर शिव्या घातल्याचं सांगताना अप्पांचा गळा दाटतो. अप्पांना अजून एकीनंही शिवी दिलेली नाही. आणि १४४ चित्रपटांत पोलीस अधिकारी झालेले जगदीश राज. "शिपायाचा फौजदार व्हायला माणसाचा जन्म जातो," अप्पा म्हणतात, "आणि हा गडी एकदाही शिपाई झाला नाही!"

नाटक नसेल तेव्हा अप्पा गावात कामं करतात. मुलगी बघायचा कार्यक्रम असला की मुलाकडचे त्यांना घेऊन जातात. ते पोह्यांची बशी संपेपर्यंत गप्प बसतात, मग चष्मा काढून "माणसं महत्त्वाची" एवढंच म्हणतात आणि चष्मा परत लावतात. लग्न जमतं. दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले की सगळ्यात पुढं अप्पा, खांदे पडलेले, जणू रुग्णाचा थोरला भाऊ. एकदा अख्खा प्रसंग वठवून झाल्यावर कळलं, की रुग्ण वेगळ्याच घरातला. त्या घरच्यांनीही त्यांना जाऊ दिलं नाही. म्हणाले, बसा, बरं वाटतं.

मला वाटतं, गुलबर्ग्याचा मराठी माणूसच मुळात चरित्र अभिनेता. निजामाच्या राज्यात मुख्य भूमिका उर्दूची. १ नोव्हेंबर १९५६ ला गाव म्हैसूर राज्यात गेलं, मुख्य भूमिका कन्नडकडं आली. २०१४ मध्ये गावाचं नाव कलबुर्गी झालं. मराठी प्रत्येक अंकात आहेच, जरा कडेला. अप्पा भाव दख्खनीत करतात, अर्ज कन्नडात लिहितात आणि भांडतात मराठीत. हा सिद्धांत मी त्यांना ऐकवला. "दोन वाक्यं मिळतायत ना? मग पुष्कळ झालं," म्हणाले.

परवा बंगळूरहून आलेल्या नातवानं त्यांना लॅपटॉपवर 'कॅसाब्लांका' दाखवला. १९४२ चा, हम्फ्री बोगार्ट, इन्ग्रिड बर्गमन. प्रेम, त्याग, विमान, सगळं झालं. अप्पा ढिम्म. मग म्हणाले, "तो मघाचा मागं घे." कोणता? तर पोलीस अधिकारी इथं जुगार चालतो म्हणून धक्का बसल्याचं सोंग करत हॉटेल बंद करतो, तेवढ्यात जुगाराच्या टेबलावरचा माणूस येऊन त्याच्या जिंकलेल्या नोटा त्याच्या हातात देतो, तो. अप्पांनी आयुष्यभर नेहरू गंजात तुरीच्या अडतीवर मुनिमी केली आहे. "पैसे कसे दिले बघ. घेणाऱ्याची लाज निघाली, पण देणाऱ्याच्या तोंडावर काही नाही. याला गल्ल्याची सवय आहे."

नातवानं शोधून काढलं. मार्सेल दालियो, पॅरिसचा ज्यू, जन्म १८९९. झाँ रेन्वारच्या 'ला ग्राँद इल्युझियों'मध्ये घरून आलेला खाऊ सगळ्या युद्धकैद्यांत वाटणारा रोझेन्थाल हाच. 'ला रेग्ल द्यु जू'मध्ये यांत्रिक खेळण्यांवर जीव टाकणारा उमरावही हाच. १९४० मध्ये जर्मन आले आणि तो बायकोसह लिस्बनमार्गे पळाला. मागं पॅरिसच्या भिंतींवर नाझींनी त्याचाच चेहरा छापला, ज्यू कसा दिसतो ते लोकांना कळावं म्हणून. 'कॅसाब्लांका'त सगळी पात्रं लिस्बन गाठायला धडपडतायत; हा खरोखर लिस्बनहून सुटून आलेला, त्याला दिलं जुगाराचं टेबल, आणि श्रेयनामावलीत नावही नाही. त्याची बायको मादलेन लबो त्याच चित्रपटात आहे; चित्रीकरणाच्याच सुमारास त्यानं घटस्फोटाचा अर्ज केला. पुढं हॉलीवूडमध्ये न्यायाधीश, सरदार, हॉटेलवाला, जे पडेल ते काम. अप्पा मान डोलवत होते. सगळ्या मिशा त्यांच्या डबीत होत्या.

"पण मोठं नाव कधी झालंच नाही?"

"झालं ना," नातू म्हणाला. १९७३ चा एक फ्रेंच विनोदी चित्रपट, रॅबाय जाकोबच्या गमतीजमतींचा. रॅबाय जाकोब म्हणजे दालियो. फक्त गोष्ट अशी, की लुई द फ्युनेस हा मोठा विनोदवीर खोटी दाढी लावून रॅबाय जाकोब बनतो आणि चित्रपट खाऊन टाकतो.

अप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "नाव याचं, आणि पार्ट दुसऱ्याचा! अरे, यापेक्षा चांगलं काय असतंय?"

यंदा 'संशयकल्लोळ' घ्यायचं घाटतंय. अप्पांनी कळवलंय, की त्यात एक गल्लेवाला हवा. देवलांच्या नाटकात गल्ला नाही, असं सेक्रेटरींनी समजावून पाहिलं. "फाल्गुनराव पैसे ठेवतो कुठं मग?" अप्पांनी विचारलं. बैठक रविवारी आहे. फाल्गुनराव कोण, याचं भांडण त्या दिवशी होईल. गल्लेवाल्याची तालीम सुरू झाली आहे.