मारेकऱ्याचा इकामा

कोवळ्या वयात माणसं मारायला शिकवलेल्या मुलामुलींचे चित्रपट लोक हाणामारीसाठी बघतात, असं समीक्षक लिहीत आले आहेत. कुवेतमधल्या मिरकाबच्या बसस्टँडवर शुक्रवारी दुपारी जमणाऱ्या गर्दीला हे लागू पडेल, असं मला वाटत नाही. या चित्रपटांतली खरी चैन वेगळीच आहे. पडद्यावरची ती पोरगी अर्धी पृथ्वी पालथी घालते आणि शेवटपर्यंत तिला कुणी ‘बताका (ओळखपत्र) दाखव’ म्हणत नाही! २०१७ सालचा शिवम नायर यांचा ‘नाम शबाना’च घ्या. तापसी पन्नूची शबाना मुंबईची, कुडो हा मार्शल आर्ट खेळणारी. गुप्तचर खातं तिला हेरतं, घडवतं आणि मलेशियात शस्त्रांच्या दलालामागे सोडतं. प्रशिक्षणात घाम किती गळतो तो सगळा दिसतो. मेडिकल, ठसे, शिक्के यांतलं काही दिसत नाही. २०११ च्या ‘हॅना’तली मुलगी तर फिनलंडच्या जंगलात वाढलेली. ती एका इंग्रज कुटुंबाच्या गाडीत लपून मोरोक्कोतून युरोपात शिरते. कोकणातून प्लंबर म्हणून इथं आलेल्या माणसाला यात थरार कुठला वाटत असेल, ते सांगायला नको.

आता हीच शबाना कुवेतमध्ये आणून बघा. पाठलाग करायचा तर गाडी हवी, गाडीला लायसन्स हवं आणि परदेशी माणसाला ते हवं तर, काही सवलतीचे पेशे सोडले, साधारणपणे सहाशे दिनार पगार आणि पदवी हवी. म्हणजे खुनाआधी पदवीधर होणं आलं. तेही जमलं असं धरू. एप्रिल २०२५ पासून वाहतुकीचे दंड वाढले आहेत. सिग्नल तोडला की दीडशे दिनार, गाडी चालवताना फोन कानाला लावला की पंच्याहत्तर, पट्टा बांधला नाही तर तीस. वरिष्ठांशी फोनवर बोलत, पट्टा न लावता, चार सिग्नल तोडत केलेला साधा, घरगुती पाठलाग सातशे पाच दिनारांना पडतो. वेगाचा मुखालफा, म्हणजे दंड, आणि गोळ्या वेगळ्या. बरं, ‘नाम शबाना’तला खलनायक प्लास्टिक सर्जरी करून चेहरा बदलतो. इथं २०२४ अखेरपर्यंत परदेशी रहिवाशांनीही बायोमेट्रिक ठसे देणं सक्तीचं झालं. नवं नाक घेऊन आलेल्या माणसाची बोटं जुनीच निघणार.

यावर कुणी म्हणेल, करमणूक आहे, तिथं तर्क कशाला लावता? मान्य केलं असतं. पण तर्काची सुरुवात चित्रपटानेच केलेली असते. सराव कसा झाला, पहिल्या परीक्षेत काय झालं, याचा हिशेब जो देतो, त्याने व्हिसाचाही द्यावा. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: खोटी कागदपत्रं सरकारच करून देतं. तर ऐका. १९ जानेवारी २०१० रोजी दुबईच्या हॉटेलात हमासच्या महमूद अल-मबहूह यांची हत्या झाली. मारेकऱ्यांकडचे बहुतेक पासपोर्ट युरोपातल्या देशांचे, दिसायला चोख. टेनिसच्या रॅकेट घेऊन लॉबीत वावरणाऱ्यांसकट सगळे कॅमेऱ्यात आले आणि महिन्याच्या आत दुबई पोलिसांनी त्यांचे फोटो जगापुढे मांडले. ते निसटले, हे खरंच. पण फोटो जगभर छापून आलेल्या मारेकऱ्याच्या चित्रपटाला दुसरा भाग निघत नाही.

याबाबतीत आपला कौटिल्य पटकथाकारांच्या पुढे होता. ‘अर्थशास्त्रा’त पोरकी मुलं राज्याने पोसून त्यांना विद्या शिकवायच्या आणि हेर करायचं, असं सांगितलं आहे, म्हणजे हॅनाचं मूळ कथानक तिथं तयारच होतं. विष घालणारे कसे निवडावेत? तर नातलगांबद्दल माया नसलेले, क्रूर आणि आळशी. आळशी ही पात्रता पडद्यावर कुणी का दाखवत नाही, मला कळत नाही; सहा वाजता उठून दोरीवर चढणाऱ्यांनाच तिथं भाव. पण त्याची खरी अक्कल पुढे दिसते. या लोकांना त्याने आचारी, न्हावी, अंथरूण घालणारे, पाणी देणारे म्हणून घरात शिरवलं. मारेकऱ्याला आधी पेशा लागतो, हे त्याला ठाऊक होतं. कुवेतच्या भाषेत बोलायचं तर त्याने मारेकऱ्याला आर्टिकल वीसवर, घरकामाच्या इकाम्यावर (रहिवासी परवान्यावर) आणलं, आणि मालकाच्या स्वयंपाकघरात नोकरीला असलेल्याला पाठलाग करावा लागत नाही.

शबानाला मात्र पटकथेत ऑफिसातली नोकरी द्यावी लागेल, म्हणजे आर्टिकल अठरा. आणि १ जुलै २०२५ पासून अठरावाल्याला देश सोडण्याआधी मालकाची परवानगी काढावी लागते. कामगिरी फत्ते, खाली सायरन वाजताहेत, विमान दोन तासांत, आणि आपली नायिका सरकारी ‘साहेल’ ॲप उघडून अर्ज पाठवते. उत्तर कंपनीची कागदपत्रं बघणाऱ्या मंदूबकडून येतं: मुदीर (मॅनेजर) जेवायला गेलेत, आणि बदली माणूस मिळेपर्यंत सुट्टी नाही.