जुनी बरणी कशी मिळवावी : नवशिक्यांसाठी

साहित्य : एक भिवंडी, एक ओळखीची आजी, भरपूर वेळ. पैशांचं नंतर बघू.

आधी मोबाइल बाजूला ठेवा. त्यावर ‘अस्सल इटालियन, ग्रामीण, हाताने घडवलेलं’ म्हणून जे भांडं तुम्ही झोपण्यापूर्वी रोज बघता, ते मागवलंत तर बहुधा मानकोलीच्या एखाद्या गोदामातूनच निघेल. भिवंडीत राहून ते मागवायचं म्हणजे काखेत कळसा, गावाला वळसा.

इटलीबद्दल आकस नाही. तिथल्या पुलियात वाइन साठवायला कापासोने नावाचा थोराड रांजण असे. शेतकऱ्याच्या घरातला तो रांजण आता पैसेवाल्यांच्या बागेत उभा असतो. आपल्या लोणच्याच्या बरणीवर ही पाळी अजून आलेली नाही, तोवर उरकून घ्या.

आता आजीकडे जा. ‘अँटिक’ हा शब्द तोंडातून काढू नका. ‘जुनं काही द्यायचंय का?’ असंही विचारू नका. भंगारवाला समजून दारातूनच परत पाठवतील. विषय लोणच्याचा काढा.

‘आजी, लोणचं कशात मुरवता हो?’

‘बरणीत! प्लास्टिकच्या डब्यात मुरतं का मेलं?’

झालं काम. नातवाला माळ्यावर चढवलं जाईल आणि वर तपकिरी, खाली दुधी अशी दुरंगी बरणी खाली येईल. तोंडाला अजून दादरा बांधलेला असला तर सुटताना हिंगाचा वास येईल. जुनेपणाचा हा एक पुरावा कुठल्याही दुकानदाराला बनवता येत नाही. चहाच्या पाण्यात बुडवून नव्याचं जुनं करणारे पुष्कळ आहेत, पण चाळीस उन्हाळ्यांचं हिंग ते कुठून आणणार?

बरणी उपडी करा. बुडाला झिलई नसते. शहाबादी फरशीवर सरकून सरकून ती कड गुळगुळीत झालेली हवी. पॉटरीचा शिक्का दिसला तर वाचा. तो थानगडचा निघाला, तर सौराष्ट्रातल्या त्या गावात बरण्यांचा धंदा उभा करणारे परशुराम गणपुले मराठी होते, हे तिथेच सांगून टाका. आजी खूश होतात.

मग बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द वाजली तर तडा आहे. शंका राहिलीच, तर पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला की नमस्कार करून निघा. माठाने पाझरायचंच असतं, त्यावाचून पाणी गार कसं होणार? बरणी मात्र बाराशे अंशांच्या आसपास भाजलेली, तिने थेंब सोडता कामा नये.

किंमत विचारू नका. आजी बहुतेक ‘ने रे, पडूनच आहे’ म्हणतील. सुनेने ऐकलं तर मात्र आकडा येईल आणि तो द्यावा लागेल.

घरी नेल्यावर तिच्यावर दिव्याचा झोत सोडू नका, सुकी फुलं खोचू नका. मे महिन्यात राजापुरी कैऱ्या आणा, बरणी उन्हात कडकडीत वाळवा आणि लोणचं घाला. पहिली वाटी आजीकडे पोचवा. ओला चमचा घातलात तर पुढची बरणी विसरा.