वेळेआधीचे विमान
मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर. प्रत्यक्ष उड्डाण पावणेदोन तासांच्या आसपासचे. वेळापत्रक मात्र सव्वादोन तास सांगते. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा सगळा काळ त्यात धरतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात असते आणि रांगेला तोटा नसतो. त्यावर कंपन्या आणखी थोडी मिनिटे वरकड घालतात. मग उशिरा सुटलेले विमानही ‘वेळेआधी’ टेकते, आणि घोषणेत अभिमान मावत नाही. पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर तर उशीर म्हणून मोजतच नाहीत. घर ते विमानतळ, सुरक्षा तपासणी, सामानाचा पट्टा हे कुठल्याच तक्त्यात नसते. तो प्रवाशाचा खासगी मामला.