खायला मागतंय व्हय?

शाहूपुरीपासून उद्यमनगरापर्यंत कुठल्याही कारखान्याच्या ऑफिसात जिन्याखाली एक गारेगार खोली असते, आणि तिथे सर्व्हर सांभाळणारे आण्णा असतात. काहीही काढून टाका म्हटलं की उत्तर ठरलेलं : "असू दे की. खायला मागतंय व्हय?"

आमच्या आण्णांच्या खिशात गाडीच्या दोन्ही किल्ल्या. मिसळ यायच्या आधीच जादा कट मागवलेला. नवससुद्धा एक अंबाबाईला, एक जोतिबाला. मेलेला प्रिंटर भंगारात द्यावा म्हटलं तर... असो.

२०१९ च्या पुरानंतर त्यांनी हट्टानं गोकुळ शिरगावच्या गोदामात दुसरा सर्व्हर बसवून घेतला. स्टोरेज रेप्लिका, शाहूपुरीत लिहिलं की तिथं उमटतं. वर रोज प्रवचन : "ह्याला बॅकअप म्हणू नगासा. हितनं चुकून पुसलं की तितनंबी इमानेइतबारे पुसलं जातंय."

यंदा क्लाउड घेतल्यावर मालक म्हणाले, ती जोडी काढा. आण्णा म्हणाले, "असू दे की. खायला..."

"खातंय!" मालक कडाडले. "वीज खातंय, लाईन खातंय, लायसन खातंय!"

मग आण्णांनी तयारीतच पावसाळा गाठला. "ही भावकीतली वाटणी हाय. आधी भागीदारी मोडायची, मग दोन्हीकडचे गट काढायचे, फीचर शेवटी. उलटं केलंसा की बसा कुलपं बघत." खरं तर भागीदारी मोडल्यानं डेटा पुसला जात नाही. मूळ डिस्क जशीच्या तशी राहते, आणि इतके दिवस मुद्दाम झाकून ठेवलेली पलीकडची डिस्क पुन्हा वापरायला मिळते. हे आण्णांनीच आम्हाला शिकवलेलं. तरी त्यांनी आधी बॅकअप घेतला, त्या बॅकअपचा बॅकअप घेतला, आणि दोन्हीतनं मार्चचं लेजर उघडून ताळेबंद जुळवला. मग कमांड. एक फाइल हलली नाही. आण्णा जरा हिरमुसलेच.

चिडायचं तरी किती? २०२१ च्या जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी कधीच मागं टाकली होती आणि आमचं ऑफिस पाण्यात होतं. आण्णांनी गोदामात बसून जोडीची दिशा उलटी फिरवली आणि पगार तारखेला झाले. त्या दिवशी कुणीही त्यांना हसलं नाही. पाणी ओसरल्यावर पुन्हा हसायला लागलो.

आता डेटा पुण्यात. "पुण्यात पाऊस पडत न्हाई व्हय?" एवढंच आण्णांनी विचारलं.

परवा मालकांनी मला बाजूला घेतलं. क्लाउड आलाय, मग आण्णा कशाला? मी म्हटलं, काढा. पण कुठला पासवर्ड कुठं आणि कुठली वायर कशाची, ते सगळं त्यांच्या डोक्यात आहे, आधी ते उतरवून घ्या. मालकांना पटलं. काम आण्णांनाच दिलंय. कशासाठी ते त्यांना ठाऊक असावं. विचारलं मात्र नाही. दोन वह्या आणल्यात, आणि प्रत्येक पान दोन्हीत स्वतःच्या हातानं लिहितायत.