तीन रुपयांचा प्लॅटफॉर्म

प्लॅटफॉर्म फी : ॲपमधून मोबाइल रिचार्ज, गॅस, केबल अशी देणी भागवताना मूळ रकमेवर हळूच चढणारी रक्कम. हिला ‘सुविधा शुल्क’ असेही म्हणतात. सुविधा कोणाची, हे कुठे लिहिलेले नसते. आढळ देशभर. या नोंदीसाठी हैदराबादेतील नामपल्ली हा भाग निवडला आहे. तेथे एक खराखुरा प्लॅटफॉर्म आहे, त्यालाही फी आहे आणि दोन्ही फिया शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात.

रिचार्जवर ही फी रकमेनुसार साधारण एक ते तीन रुपये पडते. सप्टेंबर 2025पर्यंत बऱ्याच ॲपांत क्रेडिट कार्डावरून घरभाडे भरता येई आणि तेव्हा ती शेकड्याच्या हिशेबाने जाई, पण ते वरच्या मजल्यावरचे दुखणे. येथे तीन रुपयांचाच विचार केला आहे.

तीन रुपये पहिल्या पडद्यावर दिसत नाहीत. पहिल्या पडद्यावर नंबर विचारतात, दुसऱ्यावर प्लॅन. प्लॅन 28 दिवसांचा. (मोबाइलच्या पंचांगात वर्षाचे महिने तेरा. साध्या पंचांगात अधिक मास तीनेक वर्षांनी येतो आणि जावयाला निदान वाण तरी मिळते; येथे तो दरसाल येतो आणि जावईच सासऱ्याचा रिचार्ज मारून देतो.) समजा, प्लॅन 349 रुपयांचा आहे. तिसऱ्या पडद्यावर खाते निवडायचे असते. तेथे खालच्या कोपऱ्यात, फिकट करड्या अक्षरांत, चष्मा असलेल्यांनाही शोधावी लागेल अशी एक ओळ असते : प्लॅटफॉर्म फी 3 रुपये, करांसह. बटणावर आकडा येतो 352. पुढे थेट पिन. पिन टाकताना माणूस मान वळवून शेजारी कोणी बघत नाही ना, याची खात्री करून घेतो. शेजारी कोणी बघत नसते. तीन रुपये समोरून जातात.

‘करांसह’ हा तपशील महत्त्वाचा. फीवर 18 टक्के जीएसटी आहे. म्हणजे तीन रुपयांपैकी 2 रुपये 54 पैसे प्लॅटफॉर्मचे आणि 46 पैसे सरकारचे. 25 पैसे आणि त्याखालची नाणी जून 2011च्या अखेरीस चलनातून गेली, तेव्हा रोखीने 46 पैसे देण्याचा मार्ग या देशात उरलेला नाही. ते फक्त ॲपमधून देता येतात. म्हणून ॲप लागते, ॲप लागते म्हणून फी लागते आणि फी लागते म्हणून 46 पैसे लागतात.

फीचा उगम समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. यूपीआय एप्रिल 2016 मध्ये आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटा रद्द झाल्या आणि एटीएमच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने फोन उघडला. 1 जानेवारी 2020पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेणे बंद झाले. नामपल्लीच्या चौकात इराणी चहा पिऊन कोणी फोनवरून पैसे दिले, तर चहावाल्याला पूर्ण रक्कम मिळते आणि मधल्या ॲपला त्या चहातून काही मिळत नाही. युसूफैन दर्ग्याबाहेरच्या फुलवाल्याचे तेच, रिक्षावाल्याचे तेच. यूपीआयचे व्यवहार वाढतच गेले; ऑगस्ट 2025 मध्ये ते एका महिन्यात 2000 कोटींच्या वर गेले. इतक्या चहांमधून काही न मिळणे कोणालाही सहन होणार नाही. म्हणून त्याआधीच, 2021च्या सुमारास, रिचार्जवर एक-दोन रुपये दिसू लागले. रिचार्ज निवडण्यामागे पक्का विचार होता. चहावर तीन रुपये लावले असते तर चौकात भांडण झाले असते. रिचार्ज माणूस एकटा, रात्री अंथरुणावर पडून मारतो. भांडायला कोणी जागे नसते.

आता तुलना. नामपल्लीचे रेल्वे स्थानक कागदोपत्री ‘हैदराबाद डेक्कन’ आहे. तिकीट मागताना तसे कोणी म्हणत नाही. हे शेवटचे स्थानक असून रूळ येथेच संपतात. त्यामुळे गाडी समोर येऊन उभी राहते आणि पाहुणा कोणत्या डब्यात आहे हे ठाऊक नसले तरी तो निसटून पुढे जाण्याची सोय नाही. मुंबईहून हुसेनसागर एक्स्प्रेसने येणाऱ्या आत्याला उतरवून घ्यायला गेलेल्या भाच्याला प्लॅटफॉर्म तिकीट काढावे लागते. ते दहा रुपयांना मिळते आणि दोन तास चालते. जुलै 2024पासून त्यावर जीएसटी नाही. म्हणजे ज्यावर उभे राहता येते त्या प्लॅटफॉर्मला कर नाही आणि ज्यावर बोटसुद्धा नीट टेकत नाही त्याला 18 टक्के.

दहा रुपयांत मिळणाऱ्या वस्तू अशा : छप्पर, बाकडे, पंखा, पिण्याच्या पाण्याचा नळ, चालणारे किंवा न चालणारे घड्याळ, तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी या तीन भाषांतून तीच ती घोषणा, आणि गाडी उशिरा असल्यास दुसऱ्या अनोळखी भाच्याशी रेल्वेबद्दल बोलण्याची संधी. दोन तासांचे मिनिटांत रूपांतर केल्यास 120 मिनिटे होतात; मिनिटाला सव्वाआठ पैशांच्या किंचित वर दर पडतो. ॲपच्या प्लॅटफॉर्मवर माणूस किती वेळ असतो? नंबर पाठ असेल आणि नेटवर्क धड असेल तर अर्धा मिनिट. तीन रुपयांत अर्धा मिनिट, म्हणजे मिनिटाला सहा रुपये. हा दर नामपल्लीच्या 72 पट आहे. या दराने भाचा आत्याची वाट पाहत दोन तास उभा राहिला, तर त्याला 720 रुपये मोजावे लागतील; त्यात तो शयनयानाने मुंबईला जाऊन आत्याला घरूनच घेऊन येऊ शकला असता, निदान जाण्यापुरते तरी. गाडी तासभर उशिरा असेल तर आणखी 360. आत्या आली नाही तर ही रक्कम परत मिळण्याविषयी नियम व अटी पाहाव्यात. आत्या बोगी बदलून उतरली आणि भाचा दुसऱ्या टोकाला धावला, तर तो दुसरा प्लॅटफॉर्म धरायचा की तोच, यावर ग्राहक सेवा केंद्र एकमताने काही सांगू शकणार नाही. मात्र या हिशेबात ग्राहकाच्या बाजूचीही एक गोष्ट आहे. ॲप मध्येच अडकले, चक्र फिरत राहिले आणि पंधरा मिनिटे गेली, तर दर मिनिटाला वीस पैशांपर्यंत खाली येतो. दोन दिवस अडकले तर नामपल्लीपेक्षाही स्वस्त. ॲप न चालणे हाच त्यातल्या त्यात किफायतशीर वापर ठरतो.

अडकलेल्या पैशांसाठी सप्टेंबर 2019चा नियम आहे. खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुकानदाराकडे पोहोचल्याची खातरजमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवी. पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. नियम चांगला आहे. पण त्याची दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे. तीन रुपये घ्यायला डोळ्याचे पाते लवण्याइतका वेळ पुरतो आणि 349 परत करायला पाच दिवसांची मुभा लागते. पैसा एकच, तारा त्याच, यंत्रे तीच. जाताना तो विजेच्या वेगाने जातो आणि येताना त्याला मुक्काम लागतात.

फी आणि घासाघीस यांचा संबंध नामपल्लीत दर हिवाळ्यात अभ्यासता येतो. प्रदर्शन मैदानावर 1 जानेवारीला ‘नुमाइश’ सुरू होते आणि साधारण 15 फेब्रुवारीपर्यंत चालते. ही परंपरा 1938पासूनची. नांदेड, परभणी, लातूरकडची मंडळी हैदराबादच्या नातेवाइकांकडे मुक्काम ठोकून तेथे जातात. काश्मिरी शालीच्या दुकानापुढे वीस रुपयांसाठी पाऊण तास जातो. शाल दोनदा खाली ठेवली जाते, दोनदा पाठ फिरवली जाते, एकदा खरोखर चार दुकाने पुढे जाऊन परत येणे होते. वीस रुपये सुटतात. विजयी गृहस्थ फोन काढतो, कोड स्कॅन करतो, पैसे देतो. मग तेथेच उभे असताना मुलाचा रिचार्ज संपल्याचे लक्षात येते म्हणून 352 रुपये भरतो आणि एक शब्द बोलत नाही. हाच तो माणूस, हीच ती मिनिटे. बोलणार कोणाशी? शाल विकणारा ‘साहब, मेरी भी मजबूरी समझो’ म्हणतो. बटण काही म्हणत नाही.

हैदराबादला अशा कपातीची सवय जुनी आहे. निजामाच्या संस्थानात स्वतःचा रुपया होता, हाली शिक्का. 1918पासून संस्थानच्या कागदी नोटाही होत्या. हद्दीबाहेर, म्हणजे सोलापूरपासून पुढे, ब्रिटिशांचा कलदार चाले. सात हाली रुपये म्हणजे सुमारे सहा कलदार. हा हिशेब मराठवाड्यातल्या मागच्या पिढ्यांना तोंडपाठ होता, कारण दुसऱ्या प्रदेशात लग्न करायचे तर हुंड्यापासून बैलापर्यंत प्रत्येक आकड्यापुढे ‘हाली की कलदार’ हा खुलासा करून घ्यावा लागे. नाणे बदलताना सराफ बट्टा कापून घेई. 1959मध्ये हाली शिक्का कायमचा बाद झाला आणि त्याबरोबर त्याचा बट्टाही गेला, असे सर्वांनी मानले. आज रुपया एकच आहे. देणाऱ्याच्या खात्यात तोच, घेणाऱ्याच्या खात्यात तोच, अदलाबदल कशाचीच नाही. तरी बट्टा आहे. सराफाच्या पेढीवर निदान सराफ बसलेला असे. त्याला दर विचारता येई, तो लुच्चा आहे असे त्याच्या तोंडावर म्हणता येई, शेजारच्या पेढीवर जाण्याची धमकी देता येई आणि धमकी खरी करता येई. आता शेजारच्या पेढीवरही तेच तीन रुपये, त्याच फिकट अक्षरांत.

आणि चीड तीन रुपयांची नाही. यंत्रे चालवायला वीज लागते, माणसे लागतात, त्यांना पगार द्यावे लागतात. एवढे कोणालाही कळते. मग मागावेत. पहिल्याच पडद्यावर, ठळक अक्षरांत, हात पुढे करून मागावेत. पण बिल भरण्यासाठी पूर्वी जो कारकून खिडकीपलीकडे बसे, त्याचे सगळे काम आता ग्राहक करतो. नंबर तोच टाकतो, प्लॅन तोच शोधतो, पडताळणी तोच करतो, पावती स्वतःच्या फोनमध्ये स्वतःच जपतो, चूक झाली तर ती स्वतःच निस्तरतो. फोन त्याचा, नेटचे पैसे त्याचे, बॅटरी त्याची. वर पडद्यापडद्याला कर्ज घ्या, सोने घ्या, विमा घ्या म्हणून त्याचे डोके खाल्ले जाते, तेही फुकट खाल्ले जाते. एवढी हमाली करून घेतल्यावर हमालाकडूनच तीन रुपये मागणे, आणि त्याला ‘सुविधा’ म्हणणे! नामपल्लीच्या स्थानकावर सामान वाहणाऱ्याने प्रवाशाकडूनच सामान उचलवून घेतले आणि वर पैसेही मागितले, तर त्याला लोक प्लॅटफॉर्मवरून उतरू देणार नाहीत.

मोबदल्यात काय मिळते, हेही नोंदवणे आवश्यक आहे. पैसे भरून झाल्यावर एक कार्ड उघडते. ते बोटाने खरवडायचे असते. त्याखाली केसांच्या तेलावर 30 टक्के सूट, पाचशेच्या वरच्या खरेदीवर, निवडक शहरांत, असे निघते. टक्कल असलेल्यांनाही हेच निघते. काहींना ‘पुन्हा प्रयत्न करा’ निघते. म्हणजे पुन्हा रिचार्ज मारा, पुन्हा तीन रुपये भरा.

तक्रार करण्याची पद्धत अशी : मदतीचे चिन्ह दाबावे. एक यंत्र नमस्कार करते आणि समस्या निवडायला सांगते. पैसे कापले पण पोहोचले नाहीत, चुकीच्या नंबरवर गेले, पिन विसरला, असे पर्याय येतात. ‘तीन रुपये कशाचे?’ हा पर्याय नसतो. ‘इतर’ दाबल्यास यंत्र पुन्हा नमस्कार करते. तीन नमस्कारांनंतर ते समाधान झाले का विचारते आणि पाच तारे पुढे करते. एक तारा दिल्यास ‘आम्हाला वाईट वाटले’ असा मजकूर येतो. कोणाला, हे येथेही लिहिलेले नसते.

फी टाळण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. मोबाइल कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून रिचार्ज मारता येतो, फक्त त्यासाठी आणखी एक ॲप, आणखी एक पासवर्ड आणि आणखी एका कंपनीची सोन्याची जाहिरात स्वीकारावी लागते. सोपा मार्ग स्थानकाबाहेरच्या गल्लीत आहे. तेथे रिचार्जची छोटी दुकाने अजून आहेत. दुकानदाराला कंपनीकडून कमिशन मिळते, म्हणून तो ग्राहकाकडून 349च घेतो. ते रोख द्यायलाच हवेत असेही नाही. त्याच्या टेबलावर कोड लावलेला असतो. त्याच फोनवरून, त्याच ॲपमधून, त्याच खात्यातून 349 पाठवले की फी पडत नाही आणि टेबलावरची पेटी, जिचे भाडे दुकानदार भरतो, मिळालेला आकडा साऱ्या गल्लीला ओरडून सांगते. क्वचित एखादा दुकानदार वर पाच रुपये मागतो. त्याला ‘कायकू?’ विचारले की तो दोनवर येतो. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेत ही दुकाने बंद असतात; साधारण अडीचनंतर जावे.