संघमालक अण्णा

बीड जिल्ह्यात कबड्डीच्या संघाला प्रशिक्षक नसला तरी भागतं. मालक मात्र लागतो, म्हणजे अण्णा. हे अण्णा धारूरला भेटतील, पाटोद्यालाही भेटतील. संघाच्या फ्लेक्सवर मधोमध त्यांचा हसरा फोटो, खेळाडू खाली पोस्टाच्या तिकिटाएवढे. संघ जिंकला की गुलाल अण्णांवर. हरला की पंच विकला गेलेला असतो, नाहीतर चढाईपटूनं रात्री नको ते खाल्लेलं असतं.

अलीकडं संघ पहिल्या फेरीतच घरी येतो. अण्णांनी उपाय कमी केले नाहीत. कर्णधार बदलला, जर्सीचा रंग बदलला, मैदानाला लिंबू-नारळ झाला. एवढं मात्र कुणी बोलेना, की स्पर्धा दिवाळीनंतर असतात आणि अण्णांचा मूळ धंदा ऊसतोडीच्या मुकादमकीचा. डाव्या कोपऱ्याचा गडी सांगलीकडच्या फडात, उजव्याचा कर्नाटकात. उचल देऊन दोघांना ट्रॅक्टरवर बसवलं ते अण्णांनीच. हंगामात मैदानावर उरतात बारावीची पोरं आणि अण्णांचे मेहुणे. मेहुणे वजनात बसत नाहीत, म्हणून त्यांना व्यवस्थापक केलंय.

पुतण्या पुण्यात शिकतो, मँचेस्टर युनायटेडचा भक्त. सुट्टीत त्यानं धीर करून विषय काढला.

"अण्णा, २००५ साली ग्लेझर नावाच्या अमेरिकन माणसानं कर्ज काढून आमचा क्लब घेतला, अन् त्यातलं बरंच कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. फर्ग्युसन होते तोवर झाकून गेलं."

"ते कॉलेज?"

"प्रशिक्षक, अण्णा. ते २०१३ला निवृत्त झाले. त्या वर्षी लीग जिंकली, ती शेवटची. तवापास्नं प्रशिक्षकावर प्रशिक्षक बदलायलेत. घराणं तिथंच."

बाण बरोबर जागी लागला, असं पोराला वाटलं. अण्णा खरंच विचारात पडले होते. सुपारी कातरायची थांबली.

"म्हंजी उचल घेतली यानं, अन् फेडायली टीम?"

"हां, तसंच."

"आपण उलटंच करायलाव की रं! उचल आपण द्यायची, वर पोरं पळून गेली तर बुडीत आपलंच." अण्णांच्या चेहऱ्यावर त्या परक्या माणसाबद्दल निखळ आदर होता. "लई हुशार माणूस."

यंदा संघाला नव्या जर्सी आल्या. पाठीवर अण्णांचं नाव, पुढं अण्णांचा फोटो. पैसे खेळाडूंच्या उचलीत धरलेत.