दोरीला बांधलेले पेन

करोनाकाळात केंद्राने २ एप्रिल २०२० ला संपर्कशोधासाठी आरोग्य सेतू अ‍ॅप आणले. त्याला स्मार्टफोन लागे, ब्लूटूथ लागे, चार्जिंगही लागे. नगर-मनमाड रस्त्यावरच्या कोल्हारसारख्या गावात, जिथे शिर्डीला जाणारा-येणारा चहाला टेकतो, तिथे संपर्कशोधाला हॉटेलच्या दारातली नाव-नंबर लिहायची वही आणि सुतळीने बांधलेले एक पेन पुरेसे होते. मास्क हनुवटीला, पेन हातात. काही शंकेखोर म्हणतात, लोक मोबाइल नंबर नऊआकडीच लिहीत. लिहोत बापडे! तापमानाच्या रकान्यात वरच्याचे बघून खालच्यानेही ९८.४ लिहावे, एवढी एकवाक्यता ग्रामसभेत तरी दिसते का? आणि वही भिजली, हरवली, तरी बिघडत नाही. पेन धरले तो प्रत्येक जण निकटसंपर्क. नावाची गरजच काय? संपर्क शोधायचा तर आधी तो घडायला हवा, आणि ती सोय पेनाने चोख केली.

म्हणून पुढच्या साथीसाठी प्रशासनाला नम्र विनंती: सॅनिटायझरची बाटली वहीच्या आधीच ठेवावी. पेन ठेवल्यावर कोणी हात चोळल्यास १८९७ च्या साथरोग कायद्याखाली पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा दाखल करावा.